दोन वृद्धांच्या धान्याचा हिशेब

गेल्या जुलै महिन्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत आम्हीं फळ्यावर एक उदाहरण घातलें. दोन माणसांच्या कुटुंबास महिन्याला १० किलो धान्य मिळतें. महिना ३१ दिवसांचा आहे. तर दर माणसाच्या वाट्यास दररोज किती धान्य येतें? उदाहरण पांचवीच्या योग्यतेचें, त्यामुळें मुलें हंसलीं. उत्तर क्षणांत आलें: १६१ ग्रॅम व थोडें अधिक. मग आम्हीं प्रयोगशाळेंतील तराजू आणविला आणि १६१ ग्रॅम तांदूळ मोजून कागदावर ओतले. तो ढीग पाहून मागच्या बाकावरून कोणीसें म्हणालें, “सर, एवढ्यांत माझा आणि धाकट्या भावाचा एका वेळचा भात होतो.” वर्ग पुन्हां हंसला नाहीं.

उदाहरणाचा पुढचा भाग विज्ञानाचा होता. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळांत वा गव्हांत साधारण ३४० किलोकॅलरी उष्णता असते. या मानानें १६१ ग्रॅमपासून सुमारें ५५० मिळाल्या. फारसें काम न करणाऱ्या वृद्ध स्त्रीलाहि याच्या अडीच ते तीन पट लागतात. तेव्हां हें धान्य म्हणजे जेवण नव्हे, जेवणाचा एक हिस्सा होय. डाळ, तेल, भाजी, दूध आणि चुलीचें सरपण ज्याचें त्यानें पाहावयाचें.

हें उदाहरण आम्हीं पाठ्यपुस्तकांतून घेतलें नव्हतें. आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे दोन सख्ख्या बहिणी राहतात. दोघीहि विधवा. थोरलीनें पंचाहत्तरी ओलांडली आहे, धाकटी सत्तरीची आहे. थोरलीचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. धाकटीस मूल नाहीं. थोरलीच्या गुडघ्यांनीं रजा घेतली आहे, आणि धाकटीचे हात जन्मभर खुरपणी करून व खडी फोडून पार झिजले आहेत. आमचे विद्यार्थी त्यांना थोरली आजी व धाकटी आजी म्हणतात. आम्हीहि तसेंच म्हणूं. दोन वर्षांमागें आमच्या ध्यानांत आलें कीं, या घरांत सरकारी धान्याचा एक दाणाहि येत नाहीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. थोरल्या आजीचें नांव मुलाच्या शिधापत्रिकेवर होतें. ऑगस्ट २०१९ मध्यें महाराष्ट्र व गुजरात, तसेंच आंध्र व तेलंगण या जोड्यांपासून जी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्था सुरू झाली, ती २०२२ पर्यंत देशांतील सर्व राज्यांत पोंचली. तिच्या योगें कोणत्याहि गांवचें कार्ड असलेला मनुष्य कोणत्याहि रास्त भाव दुकानांतून आपलें धान्य उचलूं शकतो. पोटासाठीं परगांवीं जाणाऱ्या मजुराला ही फार मोठी सोय झाली, यांत संशय नाहीं. परंतु कार्ड एक आणि माणसें दोन ठिकाणीं असलीं म्हणजे काय? घरच्यांनीं थोडें येथें व थोडें तेथें उचलावें अशीहि तरतूद आहे. मात्र हें सांगणारा कोणी हवा. मुलगा पुण्यांत सर्वांचें धान्य उचलीत असे, आणि त्यांत आईचे ५ किलोहि जात. त्याच्या मनांत कपट होतें असें आम्हांस वाटत नाहीं. दुकानदार देत होता, तो घेत होता, एवढेंच. धाकट्या आजीची पत्रिका तर पतीच्या निधनानंतर नुसती ट्रंकेंत पडलेली होती.

आम्हीं मोठ्या उत्साहानें काम हातीं घेतलें. मुलाकडून संमति आणविली, त्याच्या पत्रिकेंतून नांव कमी केल्याचा दाखला घेतला, तहसिलींतून उत्पन्नाचा दाखला मिळविला, आधारच्या प्रती जोडल्या, आणि दोघींची मिळून नवी शिधापत्रिका करण्याचा अर्ज पुरवठा शाखेंत दिला. चार महिन्यांनीं पत्रिका हातीं आली, तेव्हां थोरल्या आजीनें ती देव्हाऱ्यापाशीं ठेविली. आम्ही त्या दिवशीं मनांतून बरेच फुगलों होतों, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

आमची चूक कोठें झाली तें पुढें कळलें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमानें गरजू कुटुंबांचे दोन वर्ग केले आहेत. पहिला ‘प्राधान्य कुटुंबां’चा, त्यांना माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळतें. महाराष्ट्रांत या वर्गासाठीं वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यांत ४४,००० व शहरांत ५९,००० रुपये ठरविलेली आहे. दुसरा वर्ग ‘अंत्योदय’ कुटुंबांचा, म्हणजे अगदीं शेवटच्या पायरीवरच्यांचा. त्यांना माणसें मोजून नव्हे, तर घर मोजून धान्य मिळतें: दर घरास ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये व गहूं २ रुपये किलोनें घ्यावे लागत. १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही वर्गांस धान्य विनामूल्य झालें आहे. आतां पुन्हां फळ्याकडे पाहा. सात माणसांच्या घराला कोणत्याहि वर्गांत ३५ किलोच मिळतात. आठ माणसें असलीं तर प्राधान्य वर्ग बरा. परंतु घर जितकें लहान, तितका अंत्योदयाचा लाभ मोठा. आमच्या दोन आज्यांना प्राधान्य वर्गांत १० किलो. अंत्योदयांत ३५ किलो, म्हणजे दर माणशीं रोजचे १६१ ग्रॅम नव्हेत तर ५६४ ग्रॅम.

आणि त्या अंत्योदयास पात्र होत्या. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झाली तेव्हां दर घरास २५ किलो धान्य असे. एप्रिल २००२ पासून तें ३५ किलो झालें. पुढें अन्नाच्या हक्काविषयीं २००१ मध्यें दाखल झालेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ मे २००३ रोजीं जो आदेश दिला, त्यांत ज्यांस खात्रीचा आधार नाहीं अशा वृद्धांचा, विधवांचा व एकाकी स्त्रियांचा अंत्योदयांत समावेश करावा असें स्पष्ट सांगितलें. हें सारें छापलेलें, कोणासहि वाचतां येण्याजोगें होतें. आम्ही पदवीधर, गेलीं वीस वर्षें नागरिकशास्त्र शिकवितों, परंतु अर्जांत ‘अंत्योदय’ हा शब्द आम्हीं लिहिलाच नाहीं. कारकुनानें विचारिलें नाहीं, आणि पत्रिका प्राधान्य वर्गाची निघाली.

चूक सुधारणें सोपें असावें असें तुम्हांस वाटेल. तसें नाहीं. अंत्योदय कुटुंबांची संख्या प्रत्येक राज्यास ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्राच्या वांट्यास सुमारें २५ लाख येतात. कोणी वारल्यानें वा गांव सोडून गेल्यानें जागा रिकामी झाली, तरच दुसऱ्यास मिळावयाची. आमच्या गांवीं गेल्या वर्षीं अशा दोन जागा रिकाम्या झाल्या. यादी ग्रामसभेपुढें आली व ज्यांचीं नांवें कोणी पुकारलीं त्यांना त्या गेल्या. त्या दुपारीं आम्ही शाळेंत उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. ज्यांना त्या मिळाल्या तेहि गरीबच आहेत, तेव्हां तक्रार करावयास जागा नाहीं. पण त्या दिवसापासून महिन्याला २५ किलोंचा जो तोटा या दोघींच्या घरीं चालला आहे, त्यांत आमचा हात आहे.

आतां अंगठ्याची गोष्ट. दुकानांत ई-पॉस नांवाचें यंत्र असतें. त्यावर घरांतील कोणा तरी एकाच्या बोटाचा ठसा जुळला म्हणजे धान्य मिळतें. थोरल्या आजीचा ठसा जुळतो, परंतु त्या दुकानापर्यंत चालूं शकत नाहींत. धाकट्या आजी चालत जातात, परंतु त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहींत. “मास्तर, समदं आयुष्य या हातांनी खाल्लं, आन् आता त्येच हात वळखीचं न्हाईत म्हणत्यात,” असें त्या एकदां म्हणाल्या. दुकानदारानें त्यांना बोटें धुवून, पुसून, तेल लावून तीन वेळां परत बोलाविलें. तिसऱ्या खेपेस महिना संपला.

येथें मात्र वाचन कामीं आलें. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं केंद्र सरकारनें सर्व राज्यांस लेखी कळविलें आहे कीं, आधार नाहीं अथवा ठसा जुळत नाहीं एवढ्यावरून पात्र घराचें धान्य अडवूं नये. अन्य रीतीनें ओळख पटवून तें द्यावें व नोंदवहींत तशी नोंद करावी. शिवाय जे स्वतः येऊं शकत नाहींत अशा वृद्धांना आपल्या वतीनें धान्य उचलण्यासाठीं दुसऱ्या कोणास नेमतां येतें. आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं तसा अर्ज सुवाच्य अक्षरांत लिहिला, आणि शेजारच्या एका बाईंनीं ती जबाबदारी पत्करिली. दुकानदार प्रथम गुरगुरला. पुढें, १९६७ या क्रमांकावर तक्रार करतां येते हें मुलांस ठाऊक आहे असें पाहून, नरमला. त्याच्यावर आम्ही फार रागावत नाहीं. यंत्र अडलें कीं शिव्या त्याला खाव्या लागतात.

पैशांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण डाळ व तेल पैशांनींच येतें. महाराष्ट्रांत श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखालीं ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें लागतें. यांतील केंद्राचा भाग ज्यांच्यासाठीं येतो, त्यांचा तो ७९ व्या वर्षापर्यंत २०० व पुढें ५०० रुपये असतो. हे आंकडे कित्येक वर्षें जागचे हललेले नाहींत. सन २००० मध्यें ‘अन्नपूर्णा’ नांवाची आणखी एक योजना निघाली होती: पेन्शनला पात्र असून ती न मिळणाऱ्या वृद्धास महिना १० किलो धान्य फुकट. पेन्शन नाहीं म्हणून धान्य, असा तो हिशेब होता. म्हाताऱ्या माणसास दोन्ही लागतात हें त्यांत धरलेलें नव्हतें.

धान्य मिळालें तरी तें दळावें, निवडावें, शिजवावें लागतें. थोरल्या आजीस चुलीपुढें बसवत नाहीं, आणि धाकटीला संध्याकाळनंतर नीट दिसत नाहीं. अशांसाठीं तयार अन्नाचा विचार महत्त्वाचा आहे. २६ जानेवारी २०२० पासून राज्यांत शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण व भात, किंमत १० रुपये, उरलेला खर्च सरकारनें केंद्रचालकास द्यावयाचा. आमच्या तालुक्याच्या ठिकाणीं एस. टी. स्थानकाजवळ असें केंद्र होतें. आम्ही एकदां तेथें जेवलों. वरण ऊन होतें आणि समोरचे एक दंतहीन गृहस्थ चपात्या त्यांत कुसकरून स्वस्थपणें जेवत होते. परंतु थाळी केंद्रावरच जेवावयाची असे, आणि आमच्या आज्यांना दहा रुपयांच्या थाळीसाठीं जातां-येतां त्याहून अधिक भाडें पडलें असतें. ज्याचे पाय चालतात त्याला ही योजना उपयोगी. घरीं डबा पोंचविणारी व्यवस्था कोठें कोठें धर्मादाय मंडळ्या करितात. खेड्यांत ती शेजारच्या सुनेवरच अवलंबून असते.

एक मार्ग आम्हीं थोरल्या आजीस सुचविला व त्यांनीं तो नाकारिला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं २००७ चा कायदा आहे. निर्वाह या शब्दांत त्या कायद्यानें अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हीं सर्व घातलीं आहेत. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें साधा अर्ज करावयाचा. मुलास दरमहा १०,००० रुपयांपर्यंत देण्याचा हुकूम होऊं शकतो. अपत्यहीन वृद्धास, त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे जाणार, त्याच्याकडे मागतां येतें. थोरल्या आजी सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, “लेकरावर फिर्याद लावून खाल्लेला घास नरड्याखाली उतरंल का?” आम्हीं तो विषय तेथेंच सोडिला. आम्ही बरोबर केलें कीं नाहीं, याविषयीं शिक्षकांच्या खोलींत अद्याप मतभेद आहे. आमच्या एका भगिनीशिक्षिकेचें म्हणणें असें कीं, नुसती नोटीस गेली तरी समेट होतो, आणि कायदाहि प्रथम समेटच घडवूं पाहतो. त्यांचें म्हणणें चूक आहे असें आम्हांस छातीठोकपणें सांगवत नाहीं. मुलाला मात्र आम्हीं एक पत्र लिहिलें. त्यांत कायद्याचा उल्लेख केला नाहीं, फक्त तुमचा १६१ ग्रॅमांचा हिशेब उतरून दिला. दिवाळीस तो येऊन गेला. तेव्हांपासून दरमहा ८०० रुपये येतात.

तुमच्यापैकीं ज्यांच्या आळींत असें घर असेल त्यांनीं प्रथम शिधापत्रिका मागून पाहावी: कोणाकोणाचीं नांवें आहेत, वर्ग कोणता लिहिला आहे, शेवटचें धान्य कोणत्या महिन्यांत उचललें. अर्ज लिहाल तेव्हां आमच्यासारखा शब्द गाळूं नका, आणि अर्जाची पोंच घेतल्यावांचून खिडकी सोडूं नका. वृद्धांच्या कोणत्याहि अडचणीसाठीं १४५६७ हा क्रमांक विनामूल्य आहे. तो मोठ्या आंकड्यांत लिहून भिंतीवर चिकटवावा, म्हणजे कमी दिसणाऱ्यासहि वाचतां येतो.

दोघींचा अंत्योदयासाठीं केलेला दुसरा अर्ज तालुक्याच्या कचेरींत आहे. त्याची पोंच आमच्या मेजाच्या डाव्या खणांत, खडूच्या पेटीखालीं ठेविली आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुढच्या सभेची नोटीस लागली कीं शाळेंत येतांना ती वाचून आम्हांस तारीख सांगावी, हें काम नववीच्या मुलांनीं आपसांत वांटून घेतलें आहे. त्या दिवशींच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीं तपासल्या जातील.