बाटली नाकारणारे बाळ

प्रश्न : बाळ साडेचार महिन्यांचे आहे. रजा संपताच त्याला घेऊन नांदेडला कामावर रुजू व्हावयाचे आहे. पण ते बाटली तोंडात धरीतच नाही. काय करावे?
— एक माता, लातूर

उत्तर : अंगावरच्या दुधाला सरावलेले अर्भक बाटली झिडकारते ते हट्टाने नव्हे, तर चोखण्याची रीत भिन्न असल्यामुळे, म्हणून रुजू होण्यापूर्वी दोनतीन आठवडे, बाळ भुकेने व्याकूळ होण्याआधीच, आपण दृष्टीआड राहून आजीने वा वडिलांनी आपलेच काढलेले दूध पाजून पाहावे, आणि बाळाने तोंड फिरविताच सक्ती न करता थांबावे. माझ्या मते मात्र बाटलीचा आग्रहच नसावा. उकळून घेतलेल्या वाटीचमच्याने बाळ उत्तम दूध पिते, आणि मराठवाड्यातील पाणीटंचाईत बाटली निर्जंतुक राखण्यापेक्षा ते कितीतरी निर्धोक. काढलेले दूध उन्हाळ्यात तत्काळ फ्रीजमध्ये ठेवावे. पावडरचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरील प्रमाणाबरहुकूम करावे. दूध पुरवून वापरण्यासाठी पाणी वाढविणे घातक होय. उरलेले टाकून द्यावे. प्रसूती लाभाच्या कायदेशीर तरतुदी आपल्या आस्थापनेस लागू असल्यास, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोनदा सवड मिळण्याचा आपणास हक्क आहे. तसा अर्ज रुजू होतानाच द्यावा.