विशेष शोधयंत्रे आणि शाळेचे संकेतस्थळ

ग्रंथालयात आलेला जाणता वाचक कपाटांपुढून हिंडत बसत नाही. तो प्रथम तालिकापत्रांच्या खणाकडे वळतो. पुस्तक कपाटात असूनही त्याचे पत्र खणात नसेल, तर वाचकाच्या लेखी ते पुस्तक नाहीच. महाजालावर हे तालिकेचे काम शोधयंत्रे करतात.

शोधयंत्र प्रश्न आल्यावर जग धुंडाळावयास निघते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. यंत्राने पाने आधीच वाचून, कोणता शब्द कोणत्या पानावर आला याची सूची करून ठेवलेली असते. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते तशीच. १९९० साली माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज याने रचलेले ‘आर्ची’ हे महाजालावरील आद्य शोधयंत्र मानतात. ते केवळ फायलींच्या नावांची सूची करी. आतील मजकूर त्यास ठाऊक नसे. नाव मोघम दिले की फाईल हरवली म्हणून समजावे!

सर्वसाधारण शोधयंत्र सर्वच विषयांची पाने गोळा करते. विशेष शोधयंत्र मात्र एकाच क्षेत्रापुरते काम करते आणि त्यात अधिक खोल जाते. वैद्यकासाठी ‘पबमेड’, विद्वत्तापूर्ण लेखनासाठी २००४ मध्ये निघालेले ‘गूगल स्कॉलर’, आणि शिक्षणशास्त्रासाठी अमेरिकेत १९६४ पासून चालत आलेली ‘एरिक’ ही सूची, ही त्याची ठळक उदाहरणे होत. एरिकची रीत शिक्षकांनी समजून घेण्याजोगी आहे. एकाच गोष्टीस कोणी ‘वाचनात मागे पडलेली मुले’ म्हणतो, कोणी ‘मंद वाचक’, तर कोणी ‘वाचनदोष’. अशा निरनिराळ्या शब्दांमुळे लेखन विखुरू नये म्हणून एरिकने विषयदर्शक शब्दांचा कोशच ठरवून ठेवला आहे व प्रत्येक लेखास त्यातील शब्द जोडले जातात. आपल्याकडे २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर मंडळ, माध्यम, इयत्ता व विषय यांनुसार साहित्य शोधता येते, तेही याच तत्त्वावर.

याचा अर्थ असा की, साहित्याबरोबर त्याची ओळखही लिहून द्यावी लागते. या ओळखीची पंधरा कलमे ‘डब्लिन कोअर’ या नावाने प्रसिद्ध आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा इत्यादी. (हे डब्लिन आयर्लंडमधील नव्हे, अमेरिकेतील ओहायो राज्यातील होय. तेथे १९९५ साली यासंबंधीची पहिली बैठक झाली.) गूगल स्कॉलरच्या अपेक्षाही साध्याच आहेत: पहिल्या पानावर शीर्षक मोठ्या अक्षरांत असावे, त्याखाली लेखकाचे नाव असावे, आणि फाईलमधील मजकूर यंत्रास शोधता यावा.

शेवटची अट वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु मराठी शाळांचे बहुतेक साहित्य येथेच अडकते. एखादी शिक्षिका सुट्टीत बसून तिसरीच्या वर्गासाठी अपूर्णांकांच्या कृतिपत्रिका तयार करते. त्यांची छायाचित्रे काढून, ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशा नावांनी ती शाळेच्या संकेतस्थळावर ठेवते. शेजारच्या तालुक्यातील शिक्षक ‘अपूर्णांक इयत्ता तिसरी’ असे शोधतो, तेव्हा त्याच्या हाती काहीच लागत नाही आणि तोही तेच काम पुन्हा पहिल्यापासून करू लागतो. दोघांच्याही श्रमांची अशी हानी होते. यंत्रे आता चित्रातील छापील अक्षरे काही अंशी ओळखू लागली आहेत हे खरे. तथापि हस्ताक्षराच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबून राहू नये. चित्र ठेवावयाचेच असेल, तर त्यासोबत दोन ओळींचे वर्णन टंकित करावे. अंध विद्यार्थ्यास पडदा वाचून दाखविणारी आज्ञावलीही तेच वर्णन वाचते, हा आणखी लाभ.

दुसरी अडचण टंकाची. जुन्या संगणकीय टंकांत पडद्यावर ‘शाळा’ दिसते खरी. पण त्या देवनागरी रूपामागे यंत्राने साठविलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. सूचीत जाते ती हीच निरर्थक माळ. १९९१ पासून उपलब्ध असलेल्या युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून लेखन त्यातच करावे. शुद्धलेखनही येथे केवळ गुणांपुरते राहत नाही. ‘अपुर्णांक’ असे लिहिलेले पान ‘अपूर्णांक’ शोधणाऱ्यास सापडेलच असे नाही. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर तर दोन निरनिराळ्या क्रमांकमालांनी साठविता येते. डोळ्यांस दोन्ही सारखीच, यंत्रास मात्र वेगळी ठरू शकतात.

बाजारात संकेतस्थळे शोधात वर आणून देणारे व्यावसायिक पुष्कळ आहेत. शाळेला गिऱ्हाईक मिळवावयाचे नसल्यामुळे त्यांच्यावर खर्च करण्याचे कारण दिसत नाही. फाईलच्या नावात इयत्ता, विषय व घटक घालणे, पानास स्पष्ट शीर्षक देणे आणि आरंभी दोन वाक्यांत आशय सांगणे, हे काम शिक्षक स्वतःच करू शकतात.

आपली फाईल शोधयोग्य आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. फाईल उघडून तीतील एक मराठी शब्द निवडावा, त्याची नक्कल कोऱ्या पानावर उतरवावी. तोच शब्द उमटला तर ठीक. निरर्थक चिन्हे उमटली तर टंक जुना. आणि शब्द निवडताच आला नाही तर ते केवळ चित्र. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने महाजालावर विनामूल्य मिळतात. मात्र त्यांत रफार व जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो. म्हणून मूळ प्रत जवळ ठेवून बदललेला मजकूर ओळीने ताडून पाहावा आणि मगच संकेतस्थळावर चढवावा.