आधी कान, मग सोल्डरिंग

चि. भाच्यास,


तू पाठवलेला आवाज मामाने हेडफोन लावून तीनदा ऐकला. गिटार जोडलेली नाही, तरी स्पीकर घुमतोय. दोन व्हॉल्व्ह बदलून झाले आणि आता सगळे कपॅसिटर नवे मागवणार, असं तू लिहितोस. थांब. भाग बदलण्याआधी त्या आवाजाचं नाव ठरायला हवं. नाव चुकलं की सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडच्या चार फेऱ्या होतात आणि अ‍ॅम्प घुमतच राहतो.

तू बांधलास तो फेंडरचा ५एफ१ चॅम्प, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला अगदी साधा अ‍ॅम्प. तीन व्हॉल्व्ह, जेमतेम पाच वॅट, एकच व्हॉल्यूम. १२एएक्स७ च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. पहिला गिटारचा सिग्नल वाढवतो, मग व्हॉल्यूमचा पॉट येतो, मग दुसरा ट्रायोड. त्यापुढे ६व्ही६, आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. मोठ्या पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये दोन पॉवर व्हॉल्व्ह उलटसुलट ओढतात, त्यामुळे पुरवठ्यातली घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बरीचशी आपसांत कटते. चॅम्पमध्ये ६व्ही६ एकटाच, त्यामुळे थोडी घरघर त्याच्या घडणीतच आहे. तुझी थोडी नाही.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट, आणि ती सल्ला म्हणून नव्हे, हुकूम म्हणून घे. चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार घरघर कमी करण्यासाठी कधीही सोडवायची नाही. तशी सोडवली की घरघर खरंच कमी झालेली दिसते, म्हणून तर हा मोह वाईट. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर मंचावर विजेच्या धक्क्याने गेला. नीट अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवत असताना असाच गेला. तुमच्या घरचं वायरिंग जुनं आहे. तीन पिनांचा सॉकेट दिसतो म्हणजे मागे अर्थिंग आहेच असं नाही. वायरमनकडून ते तपासून घे. अ‍ॅम्पच्या आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून तो उतरव, आणि मीटरवर आकडा उतरलेला पाहिल्याशिवाय आत बोट घालू नकोस.

आता आवाजाकडे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. व्हॉल्व्हच्या हीटरची ६.३ व्होल्टची तार ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये सिग्नल नेणाऱ्या, तारेजवळून गेली तर ५० चा घुमार येतो. ५वाय३ दोन्ही अर्धलहरी सरळ करतो, म्हणून पुरवठ्यातली घरघर दुप्पट, १०० हर्ट्झची. हे ओळखायला यंत्र लागत नाही. सहाव्या तारेवरचा तिसरा पडदा दाब, तो जी म्हणजे ९८ हर्ट्झ. तुझ्या आजीच्या पेटीच्या भाषेत खालची पांढरी पाच. अ‍ॅम्पचा आवाज तिच्याहून किंचित चढा लागला, तर तो १०० चा. चॅम्पचा स्पीकर आठ इंची, त्यातून ५० हर्ट्झ नीट ऐकूच येत नाही. तिथे कानापेक्षा स्पीकरच्या कागदावर टेकवलेलं बोट खरं सांगतं.

तू पाठवलेला आवाज पांढरी पाचहून किंचित चढाच आहे. पण १०० हर्ट्झचेही दोन स्वभाव असतात. गोल, मऊ घुमार असेल तर फिल्टर कपॅसिटर थकलेला किंवा अपुरा. करकरीत, वर झणझण असलेला असेल तर संशय ग्राउंडच्या वाटांवर. तुझा करकरीत आहे.

तुझ्या फोटोतही तेच दिसतं. पहिल्या १६ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची ऋण बाजू तू इनपुट जॅकच्या नटाखाली घट्ट केली आहेस. जागा सोयीची आहे, पण तिथे काय चालतं ते बघ. ५वाय३ मधून येणारा करंट संथ वाहत नसतो; सेकंदाला १०० वेळा, लहरीच्या माथ्यापाशी, छोटे जोरदार झटके देत तो कपॅसिटर भरतो. ०.०१ ओहमच्या वाटेतून ०.२ अँपिअरचा झटका गेला तरी २ मिलीव्होल्ट उठतात. हळू छेडलेल्या तारेचा सिग्नलही काही मिलीव्होल्टचाच असतो, आणि पहिल्या ट्रायोडला या दोघांतला फरक कळत नाही. तो दोन्ही सारखेच वाढवून पुढे देतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचा मधला टॅप आणि पहिल्या कपॅसिटरची ऋण बाजू आधी थेट एकमेकांना जोडायची, चेसिसमार्गे नव्हे. प्रीअ‍ॅम्पचं ग्राउंड इनपुट जॅकपाशी, आणि या दोन ठिकाणांमध्ये एकच तार. कपॅसिटर मोठा करून हा आवाज जाणार नाही. उलट भरतानाचे झटके वाढतील आणि ५वाय३ वर ताण येईल.

हा निदानाचा अंदाज झाला. तो पडताळायला पैसा लागत नाही. व्हॉल्यूम शून्यावर ने. आवाज जवळजवळ गेला तर दोष पॉटच्या अलीकडे, म्हणजे इनपुट जॅक आणि पहिल्या ट्रायोडच्या भागात. तसाच राहिला तर पलीकडे. मग अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढ आणि पुन्हा चालू कर. तरीही घुमतोय तर ६व्ही६ किंवा पुरवठा. या सगळ्यात स्पीकर जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

हीटरच्या तारांना पीळ हवा तितका नाही, तोही घट्ट दे. त्या चेसिसच्या कोपऱ्यातून ने, ग्रिडची तार ओलांडायचीच असेल तर काटकोनात. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला.

फसफस आणि तडतड ही वेगळी मंडळी. तडतड बहुधा कच्च्या सोल्डरची नाहीतर जुन्या कार्बन रेझिस्टरची. पतंगाच्या सुक्या कामटीने एकेक जोड हलकेच ठोकून पाहा. पेन्सिल वापरू नकोस, तिच्या शिशातून वीज जाते.

गिटार जोडल्यावरच येणारी झणझण मात्र अ‍ॅम्पची नसते. सिंगल कॉइल पिकअप पंख्याच्या रेग्युलेटरची आणि एलईडीची कुरकुर पकडतो. गिटार हातात धरून जागच्या जागी फिर, एका दिशेला ती कमी होईल. याच त्रासापायी गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

कपॅसिटरची ऑर्डर रद्द कर. आधी वायरमन, मग व्हॉल्यूमची चाचणी, मग ती एक ग्राउंडची तार. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दहा सेकंदांचा आवाज, गिटार न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर आणि पूर्ण, असा पाठव. मामा वाट बघतोय.

तुझा,
मामा