बालपणातील आघात आणि छिन्नमनस्कता : धोका व कारण यांतील भेद

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, हा विचार, संवेदना व वर्तन यांतील सुसंगती ढासळविणारा गंभीर मानसिक आजार होय. तो बहुधा तारुण्याच्या उंबरठ्यावर प्रकट होतो. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी त्याचा संबंध मातेच्या वागणुकीशी जोडला आणि पुढे कित्येक वर्षे रुग्णाच्या आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. आनुवंशिकतेच्या अभ्यासाने ही कल्पना मोडीत निघाली. मात्र तिच्याबरोबर बालपणीच्या अनुभवांचा प्रश्नही मागे पडला.

२०१२ मध्ये वारेसे व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. बालपणी अत्याचार, उपेक्षा वा छळ सोसलेल्यांत सायकोसिसची (छिन्नमनस्कता ज्या गटात मोडते त्या विकारांची) शक्यता सुमारे २.८ पट आढळली. परीक्षार्थी नेमके येथे घसरतात. समजा, मूळ प्रमाण शंभरात एक आहे. तर ते वाढूनही तीनच्या आतच राहते. आघात सोसलेल्या शंभरांपैकी किमान सत्त्याण्णव जणांना हा आजार होत नाही आणि आघात न सोसलेल्या काहींना तो होतो. अर्थात आघात हा धोका वाढविणारा घटक आहे. तो आवश्यकही नाही आणि पुरेसाही नाही. घरात रुग्ण आहे, म्हणून त्या घरात छळ झाला असावा, हा निष्कर्ष केवळ चुकीचाच नव्हे, तर क्रूरही आहे.

तरीही धोरणाच्या दृष्टीने हा घटक दुर्लक्षिता येणार नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत महाराष्ट्र, गोवा व उत्तर प्रदेशासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी संवाद साधण्यात आला. दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक अत्याचार सांगितला. आनुवंशिकता बदलता येत नाही, हा घटक मात्र कमी करता येतो.

अडचण लेखाशीर्षांची आहे. बालसंरक्षणाचा खर्च महिला व बालविकास मंत्रालयाचा. त्याचा संभाव्य लाभ दीड-दोन दशकांनी आरोग्य मंत्रालयाच्या हिशेबात उतरणार. असा लाभ अंदाजपत्रकात कोणीच मोजत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ चा. मात्र दोहोंची यंत्रणा वेगवेगळी. दरम्यान, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिसच्या चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचारांवाचून असल्याचे आढळले. या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत उत्तर प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हते.