जुन्या गाडीचे इंजिन का तापते?

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याकडे येताना राजूरचा घाट लागतो. भर उन्हाळ्यात माल भरलेली जुनी जीप या चढावर आली की पुष्कळदा तिच्या रेडिएटरमधून वाफा निघू लागतात. दोष मात्र घाटाला दिला जातो. वास्तविक तो इंजिनात आधीच साचलेला असतो. चढावर तो उघडा पडतो इतकेच. आणि या जिल्ह्यात त्याचे मूळ बहुधा पाण्यात असते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील पुष्कळ गावांना व्यापून आहे. तेथील विहिरीचे पाणी रोज तापविले की भांड्याच्या तळाशी पांढरे पुट बसते. तेच पुट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व सिलिंडरभोवतीच्या पोकळीत बसते. पुटातून उष्णता सहज बाहेर पडत नाही. शिवाय क्षारांमुळे धातू गंजून गाळ होतो, तो निराळाच.

वाफ दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरची टोपी लगेच उघडू नये. टोपीमुळे आतील पाणी दाबाखाली असते, व दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब असल्यास ते सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. टोपी निघताच दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी चेहऱ्यावर उसळते. अर्धा तास तरी थांबावे, जाड फडक्याने टोपी थोडीशीच फिरवून वाफ जाऊ द्यावी, मगच ती काढावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाण्याचा संभव असतो. घाईपायी हे फार वेळा घडते.

गाडी केव्हा तापते यावरून कारण ताडता येते. बाजारात उभी असताना तापते व वेगात निवते, तर पंखा किंवा त्याचा पट्टा पाहावा. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यावा. इंजिन बंद करून, ते सोसवेल इतके निवल्यावर रेडिएटरवरून हात फिरवावा. काही भाग गरम व मध्येच काही गार लागले, तर तेथील नळ्या बंद आहेत. कापसाच्या हंगामात जाळीत तंतू व धूळ अडकते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस पाणी मारून काढावी.

वरची रबरी नळी कढत व खालची गार असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगावा व पाणी तापवावे. पाणी उकळू लागेपर्यंतही तो उघडला नाही तर बदलावा. कित्येक कारागीर तो कायमचाच काढून टाकतात. ही रीत बरी नव्हे. इंजिन नीट तापत नाही, इंधन अधिक लागते व झीज वाढते.

तुंबलेला रेडिएटर काढून खालून वर, म्हणजे उलट दिशेने, पाण्याने धुवावा. नळ्या पुटाने पक्क्या बंद झाल्या असल्यास जुना तांब्यापितळेचा रेडिएटर कारागिराकडून उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्यावी. नंतर ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट भरावे. तेही न मिळाल्यास छपरावरून गाळून साठविलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्याहून पुष्कळ बरे.

एवढे करूनही कोठे गळती नसता पाणी कमी होत असेल, इंजिन चालू असता रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेलेले असण्याचा संभव मोठा. अशी गाडी चालवीत नेऊ नये; ओढून कारखान्यात न्यावी. गॅस्केट बदलताना हेडचा पृष्ठभाग वाकला आहे काय, हे सरळ पट्टी लावून अवश्य तपासून घ्यावे.