सावत्र आई आणि अब्राहाम लिंकन

आपल्या कथांतून सावत्र आई बहुधा दुष्टच असते. कथा सांगणाऱ्यांस ती तशी सोयीची पडते. परंतु ज्या मुलाच्या घरीं नवी आई यावयाची असते, त्याच्या मनांत अशा कथांनीं भय मात्र उत्पन्न होतें. आई जाऊन वर्ष झालें नाहीं तोंच वडिलांनीं दुसरें लग्न केलें, म्हणून वर्गांत मान खालीं घालून बसणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. नव्या बाईस आई म्हटलें तर पहिलीचा द्रोह होईल काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर वाचतां येतो. तोंडानें तीं तो विचारीत नाहींत. अशा मुलांकरितां, व त्यांच्या वडील माणसांकरितांही, अब्राहाम लिंकन याच्या बाळपणाचा थोडा भाग येथें देतों.

लिंकन १८०९ सालीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जन्मला. तो सात वर्षांचा असतां बिऱ्हाड इंडियाना प्रांतांतील रानांत गेलें, आणि तेथेंच १८१८ च्या आक्टोबरांत त्याची आई नॅन्सी वारली. रानांत उगवणारें एक विषारी रोपटें गाई खात. विष दुधांत उतरे, व तें दूध पिणारीं माणसें थोडक्याच दिवसांत दगावत. हें कारण शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षांनंतर निश्चित केलें. लिंकन तेव्हां नऊ वर्षांचा होता. त्याची बहीण सारा अकरा वर्षांची. सैंपाकपाणी, शिवणटिपण, सर्व तिच्यावर येऊन पडलें. वर्षभर घर असेंच चाललें. त्यास ‘चाललें’ म्हणावें कीं नाहीं, याचा आम्हांस संशयच आहे.

१८१९ च्या अखेरीस वडील टॉमस केंटकीस गेले व एका विधवेशीं विवाह करून परतले. तिचेंही नांव साराच. तिच्याबरोबर तिचीं तीन मुलें होतीं, आणि त्या लांकडी झोंपडींत आतां आठ माणसें झालीं. ‘मला आई म्हणा’ असा हट्ट तिनें धरल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तिनें मुलांस न्हाऊं घातलें, धडके कपडे दिले, आणि मातीच्या जमिनीवर फळ्या बसविण्यास नवऱ्यास लावलें. पोटच्या व सवतीच्या मुलांत तिनें भेद केला नाहीं. तिला स्वतःला लिहितां येत नव्हतें; तरी मुलाची वाचनाची ओढ ओळखून, त्यास घरीं वाचूं द्यावें म्हणून तिनें नवऱ्याचें मन वळविलें. वडील माणसांनीं हें वाक्य दोनदां वाचावें, अशी आमची विनंति आहे.

लिंकन तिला आईच म्हणत असे. म्हणून तो पहिलीचें दुःख विसरला काय? १८६२ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, लढाईंत बाप गमावलेल्या आपल्या मित्राच्या मुलीस त्यानें एक पत्र लिहिलें. तरुणांस दुःख अधिक झोंबतें, कारण तें त्यांस अवचित गांठतें. पुन्हां सुख लाभेल हें आज तुला खरें वाटणार नाहीं, पण पुढें ही आठवणच गोड होईल, असा त्याचा आशय आहे. हें आपण अनुभवानें सांगतों, असेंही त्यांत आहे.

सर्वच जखमा भरून आल्या असें मात्र नाहीं. बापलेकांचें फारसें जमलें नाहीं. १८५१ सालीं वडील मरणास टेंकले असतांही लिंकन भेटीस गेला नाहीं. त्याची पत्नी तेव्हां आजारी होती हें खरें. तथापि तेवढेंच कारण नव्हतें, हें त्याच्या पत्रावरून दिसतें. दहा वर्षांनीं, १८६१ च्या जानेवारीच्या अखेरीस, अध्यक्षपद स्वीकारण्यास निघण्यापूर्वीं, तो मुद्दाम इलिनॉय प्रांतांत त्या वृद्ध सावत्र आईस भेटावयास गेला. त्याच फेरींत वडिलांच्या थडग्यावरही जाऊन आला.