वेण्णा तलाव आणि आमचा पाऊस

यंदा जानेवारीत आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली होती. पहाटे चार वाजता एस.टी. शाळेपुढं आली. आई पाण्याच्या रांगेत घागर ठेवून मला सोडायला आली आणि लगेच परत पळाली, कारण नंबर जातो. आमचा तालुका माण. दहिवडीवरून सातारा, पुढं वाई आणि मग पसरणीचा घाट. घाटात तिघांना उलटी झाली. मला झाली नाही.

पाचगणी मागं पडली आणि महाबळेश्वर गावाच्या अलीकडंच रस्त्याला लागून वेण्णा तलाव दिसला. भोवती गर्द झाडी, पाण्यावर धुकं, नि त्यातून नावा चाललेल्या. आमच्या गावचा पाझर तलाव उन्हाळ्यात इतका आटतो की पोरं त्यात क्रिकेट खेळतात. म्हणून एवढं भरलेलं पाणी बघून आम्ही सगळे गप्पच झालो. गुरुजी म्हणाले, "थंडीत कधी कधी इथं पहाटे दव गोठतं." आम्ही गेलो तेव्हा गोठलं नव्हतं, पण आमचे हात गोठले होते.

मला वाटलं होतं की हा तलाव देवानं केला असंल. तसं नाही. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी तो 1842 साली बांधून घेतला, गावाला बारमाही पाणी मिळावं म्हणून. नावेला पैसे पडतात, त्यामुळं आम्ही काठावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथं घोडे पण होते. त्यांची लीद पाण्याजवळच पडली होती. ते मला आवडलं नाही.

निघताना मी आजीसाठी बाटलीभर पाणी घेतलं. घरी आल्यावर आजीनं बाटली उजेडात धरली नि म्हणाली, "आगं, ह्ये तर आपल्या टँकरच्या पाण्यापरास गढूळ हाय की!" मग तिनं ते तुळशीला घातलं आणि मला विचारलं, "येकाच जिल्ह्यात ऱ्हातो न्हवं आपुन? मग तिथं येवढं पाणी आन् आपल्याकडंच का न्हाय?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गुरुजींना तेच विचारलं.

गुरुजींनी आम्हाला मैदानात नेलं. मातीचा एक लांब ढीग करायला लावला. हा सह्याद्री. ढिगाच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला आम्ही. पावसाळ्यात समुद्रावरून वाफेनं भरलेलं वारं येतं. समोर डोंगर आडवा येतो, म्हणून ते वर चढतं. वर हवा गार असते. आई भात शिजवते तेव्हा झाकणाच्या आतून थेंब धरतात ना, तसंच वाफेचं पाणी होतं आणि पाऊस पडतो. महाबळेश्वर जवळपास चौदाशे मीटर उंचावर आहे, म्हणून बराचसा पाऊस तिथंच पडून जातो. पुढं डोंगर उतरताना तेच वारं गरम होतं आणि ढग विरळ होतात. गुरुजींनी ओला रुमाल ढिगाच्या माथ्यावर पिळला आणि आमच्या बाजूला आणून परत पिळला. दोनच थेंब पडले. ह्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आम्ही त्या छायेत राहतो. ही छाया असून ऊन लई लागतं.

महाबळेश्वरला वर्षात साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडं पाचशेच्या आसपास. मोठे आकडे मला कळत नाहीत, म्हणून गुरुजींनी असं सांगितलं: समजा पाऊस जिरलाच नाही आणि वाहिलाच नाही, तर वर्षभराचं पाणी आमच्याकडं माझ्या मांडीपर्यंत येईल. महाबळेश्वरला ते आमच्या शाळेच्या कौलांच्या वर जाईल!

आता तलावातलं पाणी कुठं जातं ते सांगते. त्यातून वेण्णा नदी वाहते. लिंगमळ्याला तिचा धबधबा आहे. पुढं कण्हेर धरण, आणि संगम माहुलीला ती कृष्णेला मिळते. आमची माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगवते आणि भीमेला जाते. भीमा पुढं कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे वेण्णेचं पाणी आणि आमचं पाणी भेटतं, पण आम्हाला सोडून फार लांब जाऊन भेटतं. हे नकाशात सापडलं तेव्हा मी बोटानं तीनदा गिरवून बघितलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "भेटल्यात न्हवं? मग झालं."

पाणी आपोआप चढावर येत नाही. त्याला पंपानं उचलावं लागतं. उरमोडी धरणाचं पाणी तसं उचलून खटाव आणि माण तालुक्यांत आणलं आहे. आमच्या वाडीपर्यंत ते अजून आलेलं नाही.

सहलीनंतर चौथीनं पर्जन्यमापक केला आहे. प्लॅस्टिकची सरळ बाटली वरून कापली, तोच तुकडा उलटा करून नरसाळं बसवलं, तळ सपाट व्हावा म्हणून थोडं सिमेंट ओतलं आणि बाजूला मोजपट्टी चिकटवली. तो हौदाच्या कठड्यावर आहे. पालकांनी जरूर बघावा, पण हात लावू नये. रोज एकजण सकाळी आठला वाचून वहीत लिहितो. माझी पाळी गुरुवारी असते. आतापर्यंत चार गुरुवार मी शून्य लिहिलं. गुरुजी म्हणतात, शून्य असलं तरी लिहायचंच.